मोटारीच्या मागच्या कमानी

दिवाळी सरली की लोकांच्या घरी माणसं जरा सैलावतात, उरलेला चिवडा चघळत उन्हाला पाठ देऊन बसतात. आमच्या घरी तेव्हापासून थकायला सुरुवात व्हायची. धान कापून खळ्यावर आलं की आमचा हंगाम लागायचा आणि तो माघ सरेपर्यंत कोणाला सोडायचा नाही. नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमचं कौलारू घर होतं. मागच्या बाजूला टिनाचं छप्पर घालून बाबांनी मोटारीसाठी आणि गाड्यासाठी आडोसा केला होता. हंगामाच्या तोंडावर त्या छपराखाली दिवसभर कानस चाले. इंजिन चालू करून पाहिलं जाई तेव्हा भिंतीवरच्या पितळी ताटल्या थरथरत, आणि घासलेटापेक्षा जाड, उग्र असा क्रूड तेलाचा वास पार चुलीपर्यंत येई. माय म्हणायची, या घरात वांग्याच्या भाजीलाही इंजिनाची फोडणी असते. ती हे हसून सांगायची, पण हसता हसता तिला खोकला लागायचा आणि मग बराच वेळ थांबायचा नाही.

मोटार म्हणजे कोणा साहेबाने वापरून टाकलेली जुनी गाडी. बाबांनी तिची मागची अर्धी बाजू कापून काढली, तिथे सागाच्या फळ्यांचा हौदा बसवला आणि पुढचं टप तेवढं राहू दिलं. पुढची सीट आणि मागचा हौदा यांच्या मध्ये जाड किंतानाचा पडदा होता. या मोटारीमागे लोखंडी आकड्याला अडकवलेला दोन चाकी गाडा चालायचा. गाड्यावर इंजिन आणि धान भरडायचं यंत्र पक्कं बसवलेलं होतं. कुहीच्या अंगाला सगळा धानाचा मुलूख. तिथल्या बाया तोपर्यंत ढेकीवर नाहीतर मुसळाने धान कांडत. आमची ही फिरती गिरणी गावच्या पिंपळाखाली उभी राहिली की बाया टोपली टोपली धान घेऊन यायच्या आणि घटकाभरात तांदूळ घेऊन जायच्या. मजुरी तांदळातच मिळायची. त्यामुळे जाताना मोटार रिकामी असायची आणि परतताना तांदळाच्या पोत्यांनी भरलेली. ही साधी गोष्ट पुढे फार महाग पडली, म्हणून इथेच सांगून ठेवते.

गिरणीवर एक बाई लागायचीच. धान घेऊन येणार बाया, माप घेणार बाया, कोंडा आणि कणी परत मागणारही बायाच. पुरुषाने मापाची पायली हातात धरली की त्यांना ती भरलेलीच वाटायची नाही. मायला दमा होता. कोंड्याची धूळ नाकात गेली की ती आडवी व्हायची, म्हणून ती घरी राहायची आणि माप सगुणाकाकूकडे असायचं. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, नामदेवकाकांची बायको. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. तिच्या हातच्या पायलीबद्दल कुहीच्या बाजूला कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. माझी शाळा चौथीलाच संपली होती. घरात मी रिकामी समजली जायचे, आणि रिकाम्या पोरीला कुठेही पाठवता येतं, म्हणून काकूच्या सोबतीला मला धाडत.

कोण कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. मोटार बाबा चालवत. नामदेवकाकांच्या एका डोळ्यात फूल पडलेलं असल्यामुळे ते मोटार कधी शिकलेच नाहीत. ते मागच्या गाड्यावर बसत. तिथे हाताने फिरवायचा ब्रेक होता. उतार लागला की काका तो आवळत, नाहीतर गाडा मोटारीला ढकलत नाल्यात नेऊन घालायचा. मी आणि काकू हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर टाकलेल्या फळीवर. आणि बाबांच्या शेजारी, पुढच्या सीटवर, अवजारांची लाकडी पेटी. पाने, पकडी, पट्टे, तेलाची बुधली असं सगळं तिच्यात असायचं. बाबा काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे, त्याच्यासमोर बसत नसे, त्याच्याशी एक शब्द बोलत नसे आणि त्याच्या सावलीवरही पाय पडू देत नसे. लग्न होऊन काकू आमच्या घरात आली त्याला वर्षं झाली होती. बाबांनी तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकलेला. तिला काही सांगायचं असलं तर ते मला सांगत, आणि ती दोन हातांवर उभी असली तरी मी ते तिला पुन्हा सांगायचे. तिचं उत्तरही माझ्याच तोंडून परत जायचं. लहानपणी मला याची गंमत वाटायची, आपल्यावाचून या दोघांचं अडतं म्हणून.

वाटेतल्या खाण्याची मात्र मला अजून आठवण येते. गावाबाहेर झाडाखाली तीन दगड मांडून काकू नव्या तांदळाचा भात टाकायची. त्या भाताला असा काही वास असे की काका चुलीभोवतीच घुटमळत. भातावर लाखोळीची पातळ डाळ, बाजूला जवसाची चटणी. कोणी अंबाडीची भाजी आणून दिली तर त्या दिवशी मेजवानी. आधी बाबा एका बाजूला जेवून उठायचे, मग आम्ही. संध्याकाळी इंजिन थांबलं की कानात बराच वेळ तोच ठोका चालू राहायचा. केसांत, पापण्यांवर, पदराच्या घडीत सगळीकडे कोंडा. काकू माझी वेणी सोडून झटकून द्यायची आणि तिच्या पाठीला मी तेल लावायचे. तिची पाठ नेहमी दुखायची. त्या वयात मला वाटायचं, मोठ्या बायांची पाठ दुखतेच.

तिचं दोनदा पोट पडलं होतं. दोन्ही वेळा हंगामात, दोन्ही वेळा कुहीच्या त्या रस्त्यावरून आल्यावर. दाईने मायला सांगितलं होतं की या पोरीला हिसके सोसत नाहीत. मी सांगते त्या वर्षी काकूला पुन्हा दिवस गेले, आणि दिवाळीपर्यंत तिला चौथा लागला होता. तिला घरी ठेवावं असं माय म्हणाली, काकांनाही तेच हवं होतं. पण मग पायली कोण धरणार? आदल्या वर्षी काही दिवस बाहेरची एक बाई नेऊन पाहिली होती. गावच्या बायांनी तिच्यासमोर टोपली उतरवलीच नाही. दोन भावांच्या संसारांचं वर्षाचं पोट त्या गाड्यावर होतं. हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं की काकूने यायचं, पण मोटारीचे हिसके आधी कमी करायचे. एवढं पोर या खेपेला राहिलंच पाहिजे, असं बाबा स्वतः म्हणाले. मी त्यांना इतक्या कळवळून बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

मोटारीचं दुखणं मागच्या बाजूला होतं. गाड्याच्या दांड्याचा सगळा भार मोटारीच्या शेपटावर यायचा. मागच्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे पोलादी स्प्रिंगा, दबून पार सपाट व्हायच्या, पुढची चाकं हलकी पडायची आणि मोटार वळवायचं चक्र हातात धरून ठेवायला बाबांना जीव काढावा लागायचा. वर पोती पडली की कमानीत दबायला जागाच उरायची नाही. मग प्रत्येक खड्ड्यात चाकाचा आस हौद्याच्या लाकडाला खाडकन येऊन भिडायचा. जिथे भिडायचा, त्याच्याच वर आमची फळी होती.

मग कमानींची निवड सुरू झाली. त्या पंधरवड्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. इतवारीतल्या ज्या लोहाराकडे बाबांचं काम असायचं त्याचं म्हणणं सरळ होतं: कमानीत पट्टे वाढवा. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पट्टे, खालचे आखूड, वरचे लांब. त्यात आणखी जाड पट्टे घातले की कमान दबणार नाही आणि आस लाकडाला भिडणार नाही. कामठीहून एक मोटारमिस्त्री आला होता, त्याने यावर हात झटकला. त्याच्या मते नेहमीची कमान होती तशीच ठेवून तिच्यावर दुसरी लहान कमान बसवायला हवी होती. मोटार रिकामी असली की खालची एकटी काम करते, आणि भार पडला की वरची तिच्या मदतीला उतरते. त्याने जमिनीवर दोन कोयते उपडे ठेवून ते समजावलं आणि आम्ही सगळे वाकून पाहत होतो. लोहार म्हणाला, दोन कमानी म्हणजे मोडायला दोन जागा. मिस्त्री म्हणाला, पट्टे वाढवले की रिकामी मोटार बकऱ्यासारखी उड्या मारेल. दोघं एकमेकांच्या धंद्यावर घसरले तेव्हा मायने दोघांनाही चहा दिला.

काकांचा स्वतःचा एक बेत होता. इंजिन गाड्यावर थोडं मागे सरकवलं तर दांड्यावरचा भार कमी होईल, मग कमानीला हात लावायलाच नको. त्यांनी आणि बाबांनी खपून ते सरकवलंही. पण गाडा जोडून रस्त्यावर नेला तर तो शेपटी हलवल्यासारखा इकडून तिकडे झोले खाऊ लागला आणि समोरून येणारा टांगेवाला टांगा सोडून पळाला. इंजिन पुन्हा पुढे आलं. काकांनी किंतानाचं पोतं घेतलं, त्यात धानाचं तणस ठासून भरलं, तोंड शिवलं आणि काकूच्या फळीवर नेऊन ठेवलं. आपल्या बायकोसाठी चारचौघांत एवढं करायलाही त्या काळी धीर लागायचा.

शेवटी बाबांनी पट्टे वाढवायचं ठरवलं. मिस्त्रीची दुमजली कमान मुंबईहून मागवावी लागली असती आणि तोवर अर्धा हंगाम गेला असता. शिवाय लोहार घरचा, भरवशाचा. शेतातल्या रस्त्यात कमान मोडली तर आठ-आठ दिवस गाडा तिथेच, ही भीती बाबांच्या मनात कायम असे. त्यांनी विचार केला तो परतीच्या भरलेल्या मोटारीचा. जाताना ती रिकामी असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण गाडीवानाला भार दिसतो, रिकामपण दिसत नाही, तसं काहीसं झालं असावं.

नवे पट्टे बसले त्या दिवशी बाबांनी हौद्यात वाळूची पोती रचली, मागे गाडा जोडला आणि काकूला फळीवर बसवून तलावापर्यंत चक्कर मारली. शहरातला रस्ता गुळगुळीत, मोटार भरलेली. खरोखरच हिसका लागत नव्हता. परत आल्यावर बाबा उतरून हौद्यापाशी आले, तोंड दुसरीकडे करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "इंदू, विचार तिले, हिसका कमी झाला का."

मी विचारलं. काकू पदराआडून म्हणाली, बरं हाये म्हणा. मी ते बाबांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की त्यांनी लोहाराला तिथल्या तिथे आणखी एक चहा पाजला.

मध्यंतरी माझा भाचेनातू मला जरीपटक्याला एका दुकानात घेऊन गेला होता. त्याने मालवाहू पिकअप घेतली आहे. तिच्यामागे कसलंसं अवजड यंत्र ओढायचं म्हणून मागच्या चाकांना काय बसवावं हे विचारायला तो आला होता. मी औषधं घ्यायला निघाले होते, मला वाटेत सोडणार होता, म्हणून मीही खुर्चीवर बसून ऐकत राहिले. दुकानदाराने जादा पट्टे दाखवले, रबराचे ठोकळे दाखवले, हवा भरायच्या पिशव्याही दाखवल्या. माल किती, गाडा किती, रस्ता कसला, सगळं विचारून झालं. गाडीत कोण बसणार हे काही त्याने विचारलं नाही. मला एकाएकी इतकं थकल्यासारखं वाटलं की औषधं न घेताच घरी चल म्हटलं. भाचेनातवाला वाटलं, साखर कमी झाली.

आम्ही निघालो ती सकाळ थंड होती. उमरेडचा रस्ता सोडून कुहीकडे वळेपर्यंत ठीक चाललं. पुढे कच्चा रस्ता लागला. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखलात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि आता त्या वाळून टणक झाल्या होत्या. मोटार रिकामी. जाड पट्ट्यांच्या कमानी जराही दबायला तयार नव्हत्या. चाक चाकोरीतून वर आलं की आम्ही फळीवरून उडायचो आणि खाली आदळायचो. काकांची तणसाची गादी पहिल्या मैलातच एका बाजूला सरकली. मी ती पुन्हा पुन्हा ओढून काकूच्या खाली घालत होते. बाबांना सांगू का, असं मी दोन-तीनदा विचारलं. ती नको म्हणाली. त्यांनी एवढं हौसेने केलं आणि पहिल्याच दिवशी आपण नाव कसं ठेवायचं, एवढंच म्हणाली. फळीची कड धरून धरून तिची बोटं पांढरी पडली होती.

पुढे एक नाला होता आणि त्याच्याकडे उतरणारी वाट. उतार सुरू झाला तेव्हा काकूने एकदम माझं मनगट पकडलं आणि मोटार थांबवायला सांग म्हणाली. मी पडदा बाजूला करून ओरडले. मोटार थांबली. मागून काकांनी गाड्याचा ब्रेक आवळला, चाकाखाली दगड लावला आणि धावत आले. काकूच्या लुगड्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. बाबा खाली उतरले होते, पण रिवाजाप्रमाणे आमच्याकडे पाठ करून शेताकडे बघत उभे होते. काय झालं ते काकांनी त्यांना दोन शब्दांत सांगितलं. बैलगाडीने नागपूर म्हणजे दिवस मावळला असता. मोटारीनेच न्यायला हवं होतं, आणि गाडा सोडून. पण उतारावर उभा असलेला गाडा नुसत्या दगडाच्या भरवशावर टाकता येत नव्हता. बैल आणून तो वर ओढेपर्यंत कोणीतरी ब्रेकवर बसायलाच हवं होतं. काकांनी स्वतःच आकडा काढला. मग काकूला उचलून हौद्यात गादीवर निजवलं आणि गाड्यावर जाऊन ब्रेकला हात घालून बसले. तिथून ते आमच्याकडे बघत राहिले.

बाबांनी मोटार वळवली. आता मागे गाड्याचाही भार नव्हता. पहिल्याच चाकोरीत हौदा असा उसळला की काकूच्या तोंडून आवाज निघाला. माझ्या आठवणीत तिचा तेवढा मोठा आवाज बाबांनी कधीच ऐकला नव्हता. मोटार तिथल्या तिथे थांबली. बाबा उतरले. पुढचं दार उघडून त्यांनी ती अवजारांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि मागे आणून हौद्यात ठेवली. काकूच्या अगदी समोर आले. पाठ फिरवली नाही.

"सगुणा, समोर येऊन बस."

काकूने माझ्याकडे पाहिलं. सवयच होती ती, मी ते शब्द तिला सांगावेत म्हणून ती थांबली होती.

"तिच्याकडे नको पाहू," बाबा म्हणाले. "तुलेच म्हणून राहिलो."

ती उठायचा प्रयत्न करू लागली. मी एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूने बाबांनी धरलं, हाताला हात लावून. भासऱ्याने सुनेचा हात धरला हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि मला भीती वाटत होती, आता काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. ती पुढच्या सीटवर बसली. ती सीट मूळच्या मोटारीचीच होती, साहेबलोकांची, आत गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा आणि वर जाड गादी असलेली. इतकी वर्षं तिच्यावर पेटी बसत होती. मी मागे राहिले. आतापर्यंत काकूचा भार माझ्या बाजूला असायचा, आता हौद्यात मी आणि ती पेटी, दोघीच. नागपूर येईपर्यंत मी इतके आदळले की माझ्या पाठीला पुढे कित्येक दिवस उठता-बसता कळ यायची. फटीतून पाहिलं तेव्हा काकू दाराला डोकं टेकून बसली होती. मोटार चाकोरीत गेली तरी तिचं डोकं जागचं हलत नव्हतं.

बायांच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ केलं. काकू वाचली. पोर गेलं.

काका दुसऱ्या दिवशी आले. काकूच्या खाटेपाशी बसून त्यांनी तिचे पाय दाबले, तेही दार उघडं ठेवून, मायदेखत. मला ते पाहून रडू आलं. मायने मला बाहेर पाठवलं आणि मग तीच आत रडत बसली. मी या गोष्टीचा पुढे फार विचार केला आहे. चार मोठी माणसं, एक लोहार, एक मिस्त्री, पंधरवडाभर पोलादाचा खल करत बसले. काकूला पुढची जागा देऊ नका असं कोणीही म्हटलं नाही. ती देता येते हे कोणाच्या मनातच आलं नाही, काकूच्यासुद्धा नाही. वाईट माणसं असती तर त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं. मला राग येतो, पण तो कोणावर काढावा हे अजून समजलेलं नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर काकू मधल्या खोलीत खाटेवर असायची. एके दिवशी दुपारी बाबा दाराशी आले. त्या दिवसानंतर ते पुन्हा जुन्या रीतीवर गेले होते, तोंड भिंतीकडे करून उभे. लोहार अंगणात येऊन बसला होता. बाबा मला म्हणाले, "इंदू, विचार तिले, पट्टे काढून टाकू का. का ती दुसरी कमान मागवू. ती म्हणीन तसं करतो."

मी काकूकडे वळले. काकू उठून बसली. तिने पदर डोक्यावर घेतला, पण चेहरा झाकला नाही. मला वाटलं, ती मला सांगेल. भासऱ्याला हाक मारायला तिच्याजवळ शब्दच नव्हता, त्यामुळे तिने कोणतीही हाक मारली नाही. सरळ बाबांच्या पाठीकडे पाहून बोलली.

"पट्टे राहू द्या. मालाले चांगले हायेत. मी समोर बसीन."

बाबांनी मान वळवली नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. बाबांना घरात उघड्या डोक्याने, बायांसमोर, मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. टोपी हातात चुरगाळत ते तसेच भिंतीशी उभे राहिले.

"हो वं बाई," ते म्हणाले.

मग अंगणात जाऊन त्यांनी लोहाराला काम नाही म्हणून सांगितलं. पौषात राहिलेली गावं करायला आम्ही पुन्हा निघालो, कारण धान खळ्यावर पडून होतं आणि बाया वाट पाहत होत्या. काकू पुढे बसली. गावागावांत लोक थांबून बघायचे. एकदोन ठिकाणी बाया हसल्या, आणि कोणीतरी मायच्या कानावरही घातलं. मायने ऐकून घेतलं आणि चूल फुंकत राहिली. काकूला पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. ती गिरणी चालू होती तोवर, सगळे हंगाम, ती बाबांच्या शेजारी त्या मऊ सीटवर, मांडीवर रिकामी पायली घेऊन बसायची.